बिली द किड डावखुरा नव्हता

अमेरिकन डाकूंवरचे वेस्टर्न सिनेमे कितपत खरे असतात, असं विचारलंय. फारसे नाहीत. नावं-गावं खरी, बाकी बरंचसं पदरचं. पण मी लिहायला बसलो ते बिली द किड या एकोणिसाव्या शतकातल्या डाकूमुळे.

आमचे साडू वेस्टर्नचे भक्त. १९५८ चा पॉल न्यूमनचा बिलीवरचा ‘द लेफ्ट हँडेड गन’ पाहिल्यापासून बिली डावखुरा हे त्यांच्यासाठी ब्रह्मवाक्य. एका बारशाला भर पंगतीत त्यांनी मोबाइलवर बिलीचा तो प्रसिद्ध फोटो सगळ्यांना दाखवला. पिस्तूल डाव्या कमरेला. वर मला म्हणाले, “अहो, तुम्ही फोटोवाले ना? बघा की!”

फोटोवाला आहे म्हणूनच बघितलं. तो टिनटाइप आहे. निगेटिव्ह नाही, लोखंडी पत्र्यावर थेट उमटलेला फोटो, त्यामुळे डावं-उजवं उलट. रोलच्या काळात आमच्या पोऱ्याने एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह उलटी घातली की बाईचा पदर उजव्या खांद्यावर यायचा आणि गिऱ्हाईक पैसे द्यायचं नाही. बिलीला पदर नाही, पण शेजारी नळीला धरून उभी केलेली विंचेस्टर बंदूक आहे, १८७३ चं मॉडेल. काडतुसं भरायची तिची खिडकी उजव्या अंगाला असते. फोटोत ती डावीकडे दिसते. म्हणजे फोटो उलटा आणि पिस्तूल उजव्या कमरेला. तिथेच झूम करून दाखवलं. साडू म्हणाले, “जिलबी घ्या.”

बाकीच्या दंतकथांचंही तेच. वयाच्या एकविसाव्या वर्षी मेला म्हणून बिलीच्या नावावर २१ खून. इतिहासकारांच्या हिशेबात ते दहाच्या आत येतात, त्यातले एकट्याने केलेले चार. दुसरा डाकू जेसी जेम्स गरिबांना पैसे वाटायचा याला पुरावा नाही. १९३९ च्या सिनेमात रेल्वेवाले त्याच्या आईला मारतात. प्रत्यक्षात १८७५ च्या पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीच्या धाडीत तिचा हात गेला आणि ती १९११ पर्यंत जगली. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये डॉक हॉलिडे हा बंदूकबाज टूम्बस्टोन गावातल्या प्रसिद्ध चकमकीत मरतो. खरा १८८७ मध्ये क्षयाने गेला, अंथरुणात. ती चकमकही जेमतेम अर्ध्या मिनिटाची.

एकच बघायचा तर जेसीच्या खुनावरचा, ब्रॅड पिटचा २००७ चा बघा. भिंतीवरची तसबीर साफ करायला चढलेल्या जेसीला बॉब फोर्डने मागून गोळी घातली, ते त्यात बरंच जसंच्या तसं आहे. आणि कुणी जुना फोटो पुरावा म्हणून नाचवला तर तो कशावर काढलाय ते आधी विचारा. ज्याची हयात डार्करूममध्ये गेली, त्याला जिलबी वाढून गप्प करू नका.

हां, बिली दोन्ही हातांनी गोळी चालवायचा असं काही इतिहासकार म्हणतात. असेलही. पण साडूंचं म्हणणं ते नव्हतंच.