अठराव्या शतकातले अमेरिकी धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांच्या काळातल्या संजीवनामुळे (ख्रिस्ती श्रद्धा नव्याने जागी होण्याच्या लाटेमुळे) आजच्या ख्रिस्ती सभांतलं हसणं-पडणं पवित्र आत्म्याचं काम ठरतं का?
नाही, शरीरावर दिसणाऱ्या परिणामांना पुरावा मानू नका, असं खुद्द एडवर्ड्स यांनीच बजावलं होतं. 1740 च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये ‘महाजागृती’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संजीवनात लोक रडत, थरथरत, कोसळत, हे खरं आहे. 1994 मध्ये टोरांटोच्या सभांत लोक जमिनीवर पडून अनावर हसू लागले, तेव्हा समर्थकांनी याच वर्णनांचा आधार घेतला. पण 1741 मध्ये येल महाविद्यालयातल्या प्रवचनात एडवर्ड्स सांगतात की अश्रू, कंप, अंगातलं त्राण जाणं यांवरून ते काम आत्म्याचं आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही. खऱ्या खुणा त्यांनी योहानाच्या पहिल्या पत्रातून काढल्या: येशूविषयी वाढलेला आदर, सैतानाच्या राज्याला विरोध, शास्त्राला मान, सत्य आणि प्रीती. शिवाय भविष्यकथनासारखी अद्भुत कृपादाने (आत्म्याने दिलेल्या विशेष शक्ती) मंडळीत पुन्हा सुरू होतील अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. हे सगळं गाळून कोसळणाऱ्या माणसांचे तेवढे उतारे वाचून दाखवणं, हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि ऐकणाऱ्या भाविकांची दिशाभूलही. मात्र एक लक्षात घ्या: ते अशा अनुभवांचे विरोधक नव्हते. 1742 मध्ये त्यांच्या पत्नी सेरा देवाविषयीच्या आनंदाने गळून गेल्या होत्या, आणि तो अनुभव एडवर्ड्स यांनी पत्नीचं नाव न देता, पण मोठ्या आदराने नोंदवला आहे.