सांगाडे तालावर कसे नाचले?

प्रश्न : वॉल्ट डिस्ने यांच्या ‘सिली सिम्फनी’ या जुन्या कार्टून मालिकेत प्रत्येक पाऊल अचूक तालावर पडते. चित्रे आधी काढून त्यांना नंतर संगीत जोडले जात असे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : क्रम नेमका उलटा होता. संगीताची आखणी आधी होई आणि चित्रे तिच्या मापाने काढली जात. मूकपट दाखवण्याचा वेग चित्रगृहागणिक बदलत असे. परंतु वेग बदलला की ध्वनी बेसूर होतो, त्यामुळे बोलपट येताच सेकंदाला २४ चौकटी (फिल्मवरील एकेक चित्र) हे प्रमाण पक्के झाले आणि चित्रकारांच्या हाती एक साधा हिशेब आला. दर १२ चौकटींना एक ठोका धरला, तर मिनिटाला १२० ठोके होतात. मग, उदाहरणार्थ, मालिकेच्या पहिल्या भागात नाचणाऱ्या सांगाड्याचा पाय कितव्या चौकटीत जमिनीला टेकला पाहिजे, हे पेन्सिल उचलण्यापूर्वीच ठाऊक असे.

नोव्हेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला झळकलेला मिकी माऊसचा ‘स्टीमबोट विली’ याच हिशेबाने बनला होता. (तो पहिला ध्वनियुक्त कार्टूनपट मात्र नव्हे, कार्टूनपट बनवणाऱ्या फ्लायशर बंधूंनी असे प्रयोग १९२४ पासूनच केले होते.) त्याचे वाद्यवृंदासह पहिले ध्वनिमुद्रण फसले आणि दुसऱ्या वेळी, पडद्यावर उमटणारी तालाची खूण पाहत वादकांनी वाजवले तेव्हा कोठे ते जमले.

मिकीच्या चित्रपटांत संगीत कथेच्या मागे चाले. पूर्वी मूकपटांना ऑर्गनची साथ करणारे कार्ल स्टॉलिंग यांना ते पुढे हवे होते, आणि त्यांच्याच सूचनेवरून १९२९ मध्ये ठरलेला नायक नसलेली ही मालिका ‘द स्केलेटन डान्स’ने सुरू झाली. त्यातील बहुतेक सारी चित्रे अब आयवर्क्स यांनी काढली. एक सांगाडा दुसऱ्याच्या पाठीचा कणा झायलोफोनसारखा वाजवतो, तो प्रसंग पाहताना ताल चित्राला लावला आहे की चित्र तालाला, हे सांगता येत नाही, आणि माझ्या मते पुढच्या रंगीत भागांपेक्षाही हा कृष्णधवल भाग सरस आहे. त्यातील संगीत फ्रेंच संगीतकार सॅं-साँ यांचे असल्याचे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः त्यात स्टॉलिंग यांच्या स्वतःच्या रचनेबरोबर नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांची एक रचना वापरली आहे.

स्टॉलिंग आणि आयवर्क्स या दोघांनीही १९३० मध्येच डिस्ने यांची साथ सोडली. मालिका १९३९ पर्यंत चालली आणि तिच्यातील ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ला (१९३२) कार्टूनपटासाठीचे पहिले ऑस्कर मिळाले. स्टॉलिंग १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांकडे वळले आणि १९५८ पर्यंत त्यांना संगीत देत राहिले.