डेडलाइन : आधी सीमा, मग मुदत

प्रश्न : ‘डेडलाइन’ हा शब्द मूळचा तुरुंगातला आहे, असे अलीकडे वाचनात आले. हे खरे आहे का? असल्यास तो कामाच्या मुदतीसाठी कसा रूढ झाला?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४च्या फेब्रुवारीत, दक्षिणेकडील राज्यांच्या सरकारने जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी उघडली. ओंडक्यांच्या उंच तटापासून आतल्या बाजूला सुमारे १९ फुटांवर, खुंटांवर फळ्या ठोकून एक हलके कुंपण घातलेले होते. त्यालाच ‘डेड लाइन’ म्हणत. हे कुंपण ओलांडणाऱ्या कैद्यावर तटावरील पहारेकरी गोळी झाडत, म्हणजे शब्दातील ‘डेड’ अगदी शब्दशः घ्यायचे होते. या छावणीत आणलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० दगावले, त्यांतील बहुतेक उपासमारीने व रोगराईने. युद्धानंतर छावणीचा अधिकारी हेन्री विर्झ याच्यावर खटला चालला, त्यात या रेषेवर झालेल्या गोळीबाराचाही आरोप होता, आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

त्यानंतर ओलांडू नये अशा कोणत्याही सीमेला हा शब्द लावला जाऊ लागला. काळाशी त्याचा अद्याप संबंध नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी छपाईच्या व्यवसायात तो आढळतो : छपाईयंत्राच्या सपाट पाट्यावर एक रेषा आखलेली असे आणि तिच्या बाहेर गेलेल्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचा, ठसा कागदावर नीट उठत नसे. वृत्तपत्राचा मजकूर छपाईला देण्याची शेवटची वेळ, हा अर्थ अमेरिकी वृत्तपत्रांच्या कार्यालयांत याच सुमारास रुजला आणि तेथून तो इतर व्यवसायांत पसरला.

हा नवा अर्थ थेट छावणीतून आला की छपाईच्या रेषेवरून, याचा निर्णायक लेखी पुरावा नाही. मला छपाईचा दुवा अधिक संभाव्य वाटतो, कारण यंत्र आणि वेळेची घाई या दोन्ही गोष्टी तेथे एकाच छताखाली होत्या. मात्र रेषेपलीकडे गेलेले वाया जाते, ही मूळ कल्पना तिन्ही अर्थांत टिकून आहे. मुदत ‘वाढवून मिळते’ हा आजचा प्रयोग तेवढा तिच्याशी विसंगत आहे, कारण अँडरसनव्हिलच्या कैद्याला ती रेषा कोणीही सरकवून देत नव्हते.