अर्ज कुणाच्या नावानं घालायचा?

प्रश्न : काकी, मी खानापूर तालुक्यातली. वय 31. बी.एस्सी. नर्सिंग झालंय आणि बेळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षांहून जास्त काळ स्टाफ नर्स आहे. मिस्टर मेकॅनिकल डिप्लोमा, उद्यमबागेत एका कारखान्यात मशीन शॉपला आहेत. मुलगी चार वर्षांची. आम्हाला कॅनडाला कायमचं जायचंय. एक एजंट म्हणतो, इथून सरळ पीआर (तिथं कायमचं राहायचा परवाना) आता होत नाही. मिस्टरांना तिथं एक वर्षाच्या कोर्सला घाला, अठरा लाख लागतील, तुम्हाला वर्क परमिट मिळेल, पुढं पीआर नक्की. दुसरा म्हणतो, सहा लाख द्या, जॉब ऑफर आणून देतो, त्याचे गुण मिळतात. सासरे शेतावर कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी सासऱ्यांना सांग, सातबाऱ्यावर म्हणा की पहाणीवर, बोजा चढवू नका. या दोन्ही कामांसाठी तर मुळीच नको.

तुझ्या घरात सगळ्यात भक्कम फाईल तुझी आहे, आणि पहिला एजंट मिस्टरांना पुढं करून लाखो रुपये मागतोय. आपल्याकडे परदेशाचा विषय निघाला की पुरुषाचं नाव आपोआप वर जातं. कॅनडाच्या नियमात तसं काही नाही. नवरा-बायकोपैकी कुणीही मुख्य अर्जदार होऊ शकतं. दुसरं माणूस आणि मूल त्याच अर्जात येतात.

सरळ पीआर होत नाही, हे खोटं आहे. एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे गुण लावून कुशल माणसांना पीआरसाठी निवडायची कॅनडा सरकारची पद्धत, 2015 पासून चालू आहे. तिच्यातल्या तीन योजनांपैकी कॅनडियन एक्सपीरियन्स क्लासला कॅनडातलाच अनुभव लागतो. स्किल्ड ट्रेड्स मिस्टरांच्या कामाच्या जवळची वाटेल, पण तिला तिथली नोकरी किंवा तिथल्या प्रांताचं कारागिरीचं प्रमाणपत्र लागतं, उद्यमबागेत बसून ते जमणं अवघड. उरली फेडरल स्किल्ड वर्कर. तिथं भारतातला अनुभव चालतो. तुझा मार्ग तो.

आता वही घे. या योजनेत शिरायला 100 पैकी 67 गुण लागतात. इथली पदवी तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची हे ठरवणाऱ्या मूल्यांकनात तुझी चार वर्षांची पदवी पदवी म्हणूनच धरली गेली तर 21, वयाचे 12, सहा वर्षांच्या अनुभवाचे 15. झाले 48. आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत 6 बँड आले तर भाषेचे 16, बेरीज 64. तीन गुणांनी बाहेर! ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7 आणलेस तर भाषेचे 24 मिळून 72 होतात. मिस्टरांनी इंग्रजीच्या परीक्षेत कॅनडाच्या भाषामापाची (सीएलबी) अगदी पायरी 4 गाठली तरी आणखी 5.

आत शिरल्यावर दुसरी गुणपद्धत लागते, 1200 ची, आणि पीआरचा अर्ज करायचं बोलावणं तिच्यावरून येतं. तिथं तर इंग्रजीचं वजन विलक्षण आहे. 6 बँडवर तुझे भाषेचे 64 आणि त्याला जोडून अनुभवाचे 25 व शिक्षणाचे 13. वर सांगितलेल्या बँडवर हेच आकडे 116, 50 आणि 25 होतात. एका परीक्षेनं 89 गुणांचा फरक पडतो. म्हणून मी तळमळून सांगते, पैसा घालायचाच तर सहा महिने चांगल्या शिकवणीत घाल. आपल्या मराठी माध्यमातल्या मुली लिहिण्याच्या भागात अडकतात, ऐकण्या-बोलण्यात नाही. रोज एक पत्र नि एक निबंध लिहून कुणाकडून तरी तपासून घे. उशीर मात्र नको: 29 नंतर प्रत्येक वाढदिवसाला वयाचे पाच गुण जातात.

जॉब ऑफरचं ऐक. बोलावणं ठरवणाऱ्या 1200 च्या पद्धतीतले तिचे गुण 25 मार्च 2025 पासून काढून टाकलेत. दुसरा एजंट नसलेली वस्तू विकतोय. शिवाय विकतचं पत्र जोडलं आणि ते खोटं निघालं तर पाच वर्षं अर्जबंदी होते, आणि ती एजंटावर नाही, तुझ्यावर.

कोर्सचा मार्ग काहींना योग्य असतो, तुम्हाला नाही. 21 जानेवारी 2025 पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला वर्क परमिट मिळतं ते मुख्यतः 16 महिन्यांच्या किंवा मोठ्या मास्टर्सला, पीएच.डी.ला आणि ठरावीक व्यावसायिक पदव्यांना. मिस्टरांच्या एक वर्षाच्या कोर्सवर तुला ते मिळणार नाही. त्यांना स्वतःला कोर्सनंतर परमिट मिळालंच तर एक वर्षाचं, आणि तिथल्या अनुभवाच्या योजनेला कुशल कामाचं पूर्ण एक वर्ष हवं. नोकरी शोधण्यात दोन महिने गेले की गणित मोडलं. शिकताना केलेलं काम त्यात धरत नाहीत, दुकानाच्या गल्ल्यावरचं तर नाहीच.

प्रोफाइल टाकायला सरकार काही घेत नाही. बोलावणं आल्यावर तुझी फी, पीआरच्या हक्काची फी धरून, 2024 च्या दरानं 1,525 कॅनेडियन डॉलर होती; आजचा दर बघून घे. 2023 पासून आरोग्य क्षेत्रासाठी वेगळ्या निवडी निघतात, त्यात नर्सेस आहेत. प्रोफाइल टाकल्यावर प्रांतांच्या योजनाही बघत राहा. प्रांतानं नामांकन केलं की 600 गुण मिळतात. मात्र ज्या प्रांतात राहायचा खरोखर विचार असेल तिथंच अर्ज घाल.

एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. पीआर म्हणजे नर्सिंगचा परवाना नव्हे. तो प्रांताची नर्सिंग संस्था देते आणि बहुतेक ठिकाणी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते. तयारी इथूनच सुरू केलीस तर तिथं वर्षभर दुसरंच काम करत बसायची पाळी येणार नाही.

कागद आत्तापासून जमव, कारण बोलावणं आल्यावर 60 दिवसच मिळतात. पदवी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्ट तिथून मागवावी लागेल. हॉस्पिटलचं ‘अमुक काळ काम केले’ एवढं एका ओळीचं पत्र चालत नाही. हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, सगळं लेटरहेडवर हवं. कन्नड आणि मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. आपल्या भागात शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये नि पासपोर्ट इंग्रजीत असतो, आणि आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं निघतं. ते आधी सरळ करून घे. जुन्या कागदावर बेलगाम आणि नव्यावर बेळगावी असेल तर घाबरू नको. सरकारनं 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजी नाव बदललं, एवढा खुलासा जोड.

मदत लागलीच तर पैसे फक्त कॅनडाचा वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या ‘कॉलेज’ नावाच्या संस्थेच्या नोंदवहीत नाव असलेल्या माणसालाच दे. नोंदवही ऑनलाइन बघता येते. समोरच्यानं ‘नक्की’ म्हटलं की पर्स उघडू नको.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडाच्या त्याच फेडरल स्किल्ड वर्कर योजनेतून अर्ज घालतोय. घरी बायको, एक मूल. तिथं गेल्यावर राहायला पैसे आहेत हे दाखवायचा निधी म्हणून माझी चार एकर ऊस-तंबाखूची जमीन दाखवली तर चालेल का? नाहीतर पतसंस्थेतून कर्ज काढून त्याच्या खात्यावर ठेवतो.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही चालणार नाही, भाऊ. जमिनीची किंमत धरत नाहीत आणि उसने घेतलेले पैसेही धरत नाहीत. जुलै 2025 च्या तक्त्यात तिघांच्या कुटुंबाला 23,360 कॅनेडियन डॉलर लागतात, म्हणजे चौदा-पंधरा लाखांच्या घरात, आणि बायको-मूल मागं राहणार असलं तरी त्यांची मोजणी होते. बँकेच्या पत्रात खात्याची सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जं, दोन्ही येतात. म्हणजे आदल्या आठवड्यात टाकलेली रक्कम लगेच डोळ्यात भरते. उसाचं बिल तुमच्या खात्यावर आलं आणि ते मुलाला कायमचं द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करा, कारखान्याची पावती जपून ठेवा आणि रक्कम सहा महिने आधी त्याच्या खात्यावर जाऊ द्या.