जुना स्क्वीझबॉक्स भंगारात द्यायचा का?

प्रश्न: काकांनी दिलेला लॉजिटेकचा स्क्वीझबॉक्स टच (नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा) ॲम्पला जोडलाय, पण हल्ली त्यावर ऑनलाइन काहीच लागत नाही. भंगारात देऊ का?

उत्तर: अहो थांबा, डबा ठणठणीत असणार! बंद झालीय ती कंपनीची ऑनलाइन सर्व्हिस, २०२४ मध्ये. टच २०१० ला आला आणि २०१२ मध्ये कंपनीने अख्खी लाइनच गुंडाळली, पण डब्याला गाणी पुरवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स असल्यामुळे हौशी लोकांनी ते जिवंत ठेवलंय, आता त्याला लिरियन म्युझिक सर्व्हर म्हणतात आणि ते फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर नाहीतर रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर टाका, गाण्यांचं फोल्डर दाखवा, झालं, इंटरनेट रेडिओपण लागतो. वायफायच्या नादी लागू नका, सरळ राउटरपासून लॅनची वायर ओढा, निम्मी कटकट तिथेच संपते. आवाजाचं म्हणाल तर २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतच्या फ्लॅक फाइल्स (आवाजाचा दर्जा न घालवता लहान केलेल्या) तो आरामात वाजवतो, आणि सीडी म्हणजे तर १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच, मग अजून काय पाहिजे? (१९२ किलोहर्ट्झवाल्या फाइल्सचा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी, मला तरी फरक कळत नाही.) पुढेमागे डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग सिग्नल करणारा वेगळा डबा) घेतलात तर स्क्वीझबॉक्सच्या मागे ऑप्टिकल आणि कोॲक्सियल दोन्ही आउटपुट आहेत.