किचनचा नळ घट्ट बंद केला तरी टपकतो, प्लंबर न बोलावता घरीच दुरुस्त होईल का?

होईल, बहुतेक वेळा आतला वॉशर किंवा स्पिंडल (हँडलखालचा, हँडलसोबत फिरणारा दांडा) बदललं की टपकणं थांबतं. बंद करायला दोन-तीन फेरे फिरवावे लागत असतील तर आत रबरी वॉशर आहे, आणि पाव फेऱ्यात बंद होत असेल तर सिरॅमिक डिस्कवालं स्पिंडल, ते अख्खंच बदलतात. आधी सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी तोडायचा छोटा व्हॉल्व, बंद करा (भिंतीतला नळ असेल तर टाकीचा व्हॉल्व), नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, सिंकच्या जाळीवर फडकं टाका कारण हँडलचा बारका स्क्रू हमखास तिथेच जातो, मग हँडल काढून पान्याने स्पिंडल उलटं फिरवून काढा आणि तेच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, नुसतं "अर्ध्या इंचाचं द्या" सांगून चालत नाही, आटे नि उंची वेगळी निघते. आमच्या इंदूरच्या घरी नर्मदेच्या पाण्यासोबत बोरिंगचंही टाकीत चढतं, त्या जड पाण्याने पांढरा थर बसतो, मी दोन नळ असेच केलेत, थर व्हिनेगरच्या फडक्याने पुसून काढला.

फक्त आतली पितळी बैठक, म्हणजे वॉशर जिथे टेकतो ती जागा, बोटाला खडबडीत लागली तर नवा वॉशरही महिन्याभरात कापला जाईल, तेव्हा सरळ नळच बदला. आणि तोंडातून टपकत असेल तर टेफलॉन टेप गुंडाळत बसू नका, ती फक्त आट्यांच्या जोडावरच्या गळतीला.