पहिला जुना सिद्दुर घेण्याआधी

कबालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, अंगाने केलेलं भाष्य असलेला जुना छापील सिद्दुर, म्हणजे ज्यूंची प्रार्थनापोथी, घ्यायची म्हणतोस ना? मग घाई नको. जर्मनीतल्या थिंगेन गावी १५६० मध्ये छापलेला, नफ्ताली हर्ट्झ त्रेवेस यांच्या भाष्याचा सिद्दुर आधी ग्रंथालयात बघ, नजर तयार होईल. तसाच यशाया होरोविट्झ यांचा ‘शआर हशामायिम’, आम्स्टरडॅम, १७१७.

खरी मेख शीर्षकपानावर असते. साल बरेचदा आकड्यांत नसतंच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते; बायबलमधल्या वचनातली ठळक अक्षरं वेचायची, त्यांच्या किमतींची बेरीज करायची, की ज्यू साल मिळतं, हजाराचा आकडा गाळून. ४७७ आले की इसवी सनासाठी त्यात १२४० मिळव, झाले १७१७. आणि ‘आम्स्टरडॅम’ मोठ्या अक्षरांत दिसलं म्हणून हुरळू नकोस. शेजारी बारीक टायपात ‘च्या खिळ्यांनी’, म्हणजे तिथल्या धर्तीच्या छपाईच्या अक्षरांनी, अशा अर्थाचे शब्द असतात, छापल्याचं गाव भलतंच!

ही रोजच्या हाताळणीतली पुस्तकं. पहिली आणि शेवटची पानं गळालेली असतात, म्हणून पानं मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मेणाचे थेंब, कोपऱ्यावरचा बोटांचा काळपट डाग मात्र चालू दे. मला तर ते फार प्रिय आहेत. मेण नखाने खरवडू नकोस, कागदाचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो.